दूरची नभोवाणी ऐकण्याचा रेडिओ कसा पारखावा?

मडकें घ्यावयाचें झालें तर आपल्याकडील कोणतीहि गृहिणी तें प्रथम बोटाच्या पेरानें वाजवून पाहते. त्याच्या रंगावर किंवा घाटावर ती भुलत नाहीं. खणखणीत नाद निघाला तरच पैसे मोजते. परंतु त्याच घरांत रेडिओ आणावयाचा ठरला म्हणजे ही सावधगिरी कोठें जाते कोण जाणे! पेटीची लकाकी व बटणांची संख्या पाहून मन प्रसन्न होतें, दुकानदार एखादें जवळचें केंद्र मोठ्यानें लावून दाखवितो, आणि सौदा पुरा होतो. पुढें तें यंत्र घरीं येतें. रात्रीं दूरदेशचें केंद्र लावावें तों खरखरीवांचून कांहींच ऐकूं येत नाहीं, आणि महिन्याभरांत त्या पेटीवर फुलदाणी विराजमान होते.

हा खर्च लहान नव्हे. कासारवाडी, पिंपरी, भोसरी या भागांतील आमचे पुष्कळसे पालक कारखान्यांत पाळ्या करून संसार चालवितात. दिवाळीच्या बोनसमधून मुलासाठीं म्हणून घेतलेली वस्तु फुकट गेली म्हणजे पैशांबरोबर मुलाची हौसहि जाते, आणि ती हौस पुन्हां विकत मिळत नाहीं. म्हणून दूरवरची नभोवाणी ऐकण्यासाठीं टेबलावर ठेवण्याजोगा लघुलहरींचा रेडिओ कसा पारखावा, याचा विचार आम्ही येथें करणार आहोंत. कोणत्या कंपनीचा घ्यावा हें आम्ही सांगणार नाहीं. यंत्रें दरसाल बदलतात. पारखण्याची रीति मात्र फारशी बदलत नाहीं, व ती आठवी-नववीच्या विद्यार्थ्यासहि साधण्याजोगी आहे.

हा खटाटोप आतां कशाला?

खिशांतील मोबाइलवर साऱ्या जगाचे आवाज येत असतां हा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. ज्या काळीं रेडिओ सिलोनवर दर बुधवारीं रात्रीं आठ वाजतां, १९५२ च्या डिसेंबरापासून सुरू झालेली 'बिनाका गीतमाला' ऐकण्यास आपले आजोबा रेडिओभोंवतीं गोळा होत, तो काळ आतां राहिला नाहीं. ऑस्ट्रेलियाच्या नभोवाणीनें ३१ जानेवारी २०१७ रोजीं लघुलहरींचा निरोप घेतला. बीबीसीचें लघुलहरींवरील हिंदी प्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजीं थांबलें. जीं केंद्रें उरलीं आहेत त्यांतील बरींच दूरचीं व क्षीण आहेत. म्हणूनच तीं ऐकावयाचीं तर यंत्राची पारख पूर्वीपेक्षां अधिक लागते.

परंतु मोबाइलवरील आवाज आपणांपर्यंत अनेकांच्या हातांतून येतो. मनोरा, तार, कंपनी, सरकार यांपैकीं एकानें हात आखडला कीं तो बंद पडतो. लघुलहरींचा आवाज बोलणाऱ्याच्या मनोऱ्यावरून निघून आकाशमार्गें ऐकणाऱ्याच्या तारेवर उतरतो. त्यावर गोंगाट सोडून तो बुडविण्याचे प्रयत्न होतात, पण ते सर्वत्र व सर्वकाळ साधत नाहींत. १९४२ सालीं मुंबईंत उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं गुप्तपणें चालविलेला 'काँग्रेस रेडिओ' याच लहरींवर, ४२.३४ मीटरवर, बोलत असे. ऑगस्टांत सुरू झालेला तो आवाज नोव्हेंबरांत पोलिसांनीं त्यांस पकडीपर्यंत जागा बदलीत चालूच राहिला. युक्रेनमध्यें युद्ध पेटल्यावर मार्च २०२२ मध्यें बीबीसीनें त्या भागासाठीं रोज चार तासांचें लघुलहरींवरील प्रसारण सुरू केलें. अडचणीच्या काळीं ज्याच्या घरीं असें यंत्र आहे, व तें वापरण्याचा सरावहि आहे, त्याला बातमीसाठीं एकाच तोंडाकडे पाहात बसावें लागत नाहीं.

बोलण्याची जागा व ऐकण्याची जागा

यंत्राकडे वळण्यापूर्वीं आपल्याच परिसरांतील दोन गोष्टी ध्यानांत घेऊं. कासारवाडीहून पुण्याकडे जाणाऱ्या लोकलनें दापोडी सोडली कीं खडकी येते. १९२७ सालीं इंग्लंडशीं बिनतारी संदेशांची देवघेव करण्यासाठीं लघुलहरींचें 'बीम' केंद्र सुरू झालें, त्याचें प्रक्षेपण या खडकीहून होत असे. परंतु इंग्लंडहून येणारे संदेश ऐकण्याची व्यवस्था मात्र खडकीस नव्हती. ती पुण्यापलीकडे सुमारें ७५ किलोमीटरांवर, दौंड येथें होती. तिकडे इंग्लंडांतहि बोलण्याचें ठिकाण ग्रिम्स्बीजवळ, तर ऐकण्याचें स्केग्नेसजवळ होतें. असें कां? आपणच मनोऱ्यावरून गर्जना करीत असतां, सात हजार किलोमीटरांवरून आलेली कुजबूज त्याच अंगणांत कशी ऐकूं येणार? बोलण्यास जोर लागतो. ऐकण्यास शांतता लागते.

दुसरी गोष्ट अलीकडची. कासारवाडीच्या नाशिक फाट्यापासून नाशिकचा रस्ता धरला म्हणजे पुढें नारायणगांव लागतें. तेथून जवळच खोडदच्या परिसरांत ४५ मीटर व्यासाच्या ३० प्रचंड तबकड्या पसरल्या आहेत. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं उभारलेली ही रेडिओ दुर्बीण आकाशांतील दूरच्या ज्योतींपासून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकते. त्या लहरी लघुलहरींहूनहि आंखूड असतात. पण न्याय तोच. तेथील जागा पसंत करतांना मनुष्यानें केलेला रेडिओचा गोंगाट तेथें कमी आहे, हें एक मुख्य कारण होतें. दौंड असो वा खोडद असो, ज्यांनीं दूरचें ऐकण्याचें काम मनावर घेतलें त्यांनीं यंत्राइतकाच जागेचा विचार केला. सर्व लेखाचें सार याच गोष्टींत आहे, आणि सहाव्या कसोटीच्या वेळीं आपण तिच्याकडे परत येऊं.

लहरी दूर कशा जातात?

ज्या लहरी सेकंदांत ३० लक्ष ते ३ कोटि वेळां कंप पावतात, म्हणजे ज्यांची कंपनसंख्या ३,००० ते ३०,००० किलोहर्ट्झ असते, त्यांस लघुलहरी म्हणतात. ३,००,००० या संख्येस किलोहर्ट्झच्या आंकड्यानें भागिलें म्हणजे लहरीची लांबी मीटरांत निघते, आणि मीटरांनीं भागिलें म्हणजे किलोहर्ट्झ निघतात. वर सांगितलेल्या ४२.३४ मीटरचे किलोहर्ट्झ किती, हें विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावें. उत्तर सुमारें ७,०८५ येईल.

पृथ्वी वाटोळी, आणि लहर तर सरळ जाणारी. मग ती समुद्रापलीकडून आपल्या घरीं कशी येते? जमिनीपासून सुमारें ६० किलोमीटरांच्या वर कित्येकशें किलोमीटरांपर्यंतची विरळ हवा सूर्याच्या किरणांनीं विद्युद्भारित झालेली असते. असा थर असावा, हें अनुमान अमेरिकेंत केनेली व इंग्लंडांत हेव्हिसाइड यांनीं १९०२ सालीं केलें. अ‍ॅपल्टन यांनीं १९२४ सालीं सुरू केलेल्या प्रयोगांनीं तें सिद्ध केलें, व १९४७ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या देशांत कलकत्त्याचे प्राध्यापक शिशिरकुमार मित्र यांनीं या थरांचा आयुष्यभर अभ्यास केला. कॅरमच्या फळीच्या कडेवर आपटून सोंगटी जशी परत फिरते, तशी लघुलहर या थरावरून खालीं वळते, जमिनीवरून पुन्हां वर जाते, आणि अशा उड्या घेत हजारों किलोमीटर कापते.

या थरांतील सर्वांत खालचा भाग दिवसां लांब लहरी शोषून घेतो व सूर्यास्तानंतर विरून जातो. म्हणून साधारणपणें दूरचीं केंद्रें ऐकावयास दिवसां १५,००० किलोहर्ट्झच्या आसपासच्या व त्यावरच्या लहरी बऱ्या, आणि रात्रीं ५,००० पासून १०,००० पर्यंतच्या बऱ्या. सूर्यावरील डाग सुमारें अकरा वर्षांच्या फेऱ्यानें वाढतात व घटतात, त्याप्रमाणें वरच्या लहरींचें चलनहि वाढतें व घटतें. येथेंच पहिला धडा मिळतो. भर दुपारीं दुकानांत उभे राहून ६,००० किलोहर्ट्झवर कांहीं ऐकूं आलें नाहीं, तर तो यंत्राचा दोष नव्हे. आणि त्याच वेळीं जवळचें केंद्र ठणठणीत वाजलें, तर तो यंत्राचा गुण नव्हे.

सहा कसोट्या

पहिली कसोटी कानाच्या तिखटपणाची. रात्रीं जेथें कोणतेंच केंद्र नाहीं अशा रिकाम्या जागीं कांटा ठेवावा. मग एरिअलची तार काढावी व यंत्राची दांडीहि मिटवावी. खरखर एकदम खालीं गेली, तर ती बाहेरून येत होती असें समजावें. यंत्राचा कान पुरेसा तिखट आहे. फरकच पडला नाहीं, तर यंत्र स्वतःच्याच खरखरीत गुंतलेलें आहे. जाहिरातींत मायक्रोव्होल्टचे जे आंकडे देतात त्यांना लघुलहरींवर फारसा अर्थ नाहीं. बाहेरच्या गोंगाटाखालीं दबलेला आवाज दुप्पट केला तर गोंगाटहि दुप्पट होतो. कान पुरेसा तिखट असला कीं झालें. त्याहून अधिक तिखटपणासाठीं अधिक पैसे देऊं नयेत.

दुसरी कसोटी निवडीची, आणि आमच्या मतें यंत्राच्या गुणांत तीच श्रेष्ठ. लघुलहरींवरील केंद्रें एकमेकांपासून पांच-पांच किलोहर्ट्झच्या अंतरानें दाटीवाटीनें बसलेलीं असतात. बलवान केंद्राच्या शेजारीं क्षीण केंद्र असलें म्हणजे यंत्रांतील चाळणीची परीक्षा होते. मोठ्या भोकांच्या चाळणींतून गव्हाबरोबर खडेहि खालीं पडतात; फार बारीक चाळणींतून गहूच पडत नाहीं. सुमारें सहा किलोहर्ट्झ रुंदीची चाळणी आवाज गोड ठेवते, पण शेजाऱ्यास आंत घेते. तीन-चार किलोहर्ट्झची चाळणी शेजाऱ्यास दाराबाहेर ठेवते, पण आवाज थोडा कोंदट करते. म्हणून ज्या यंत्रांत निदान दोन चाळण्या आहेत, व ज्यांत त्या बटणानें बदलतां येतात, तें पसंत करावें. एखादें बलवान केंद्र शोधावें, त्यापासून पांच किलोहर्ट्झ दूर सरकावें, व बारीक चाळणी लावावी. शेजाऱ्याचें बोलणें तरीहि कळत असेल, तर बटणावर कांहींहि लिहिलेलें असो, चाळणी फाटकी आहे.

तिसरी कसोटी भुतांची. हा शब्द आमचा नव्हे. जें केंद्र नसलेल्या जागीं वाजतें त्यास रेडिओ ऐकणारे लोक भूतच म्हणतात. आर्मस्ट्राँग यांनीं १९१८ सालीं शोधून काढलेली सुपरहेटरोडाइन नांवाची रचना बहुतेक यंत्रांत असते. तींत यंत्र स्वतः एक लहर उत्पन्न करतें, ती बाहेरून आलेल्या लहरींत मिसळतें, आणि दोहोंच्या वजाबाकीची एक ठरीव लहर पुढें पाठवितें. साध्या यंत्रांत ही ठरीव लहर ४५५ किलोहर्ट्झची असते. कांटा १४,२९० वर असला तर यंत्राची स्वतःची लहर १४,७४५ ची होते. आतां १५,२०० वरचें बलवान केंद्र घ्या. त्यांतून १४,७४५ वजा केले तरी ४५५ च उरतात! म्हणून तें केंद्र १५,२०० वर तर वाजतेंच, पण त्याच्या दुप्पट अंतरावर, म्हणजे ९१० किलोहर्ट्झ खालीं, १४,२९० वरहि वाजूं लागतें. चांगल्या यंत्रांत ही वजाबाकी दोनदां करतात व पहिली ठरीव लहर फार वरची ठेवतात, त्यामुळें भुतें जवळ येत नाहींत. परीक्षा सोपी आहे : बलवान केंद्र सांपडलें कीं त्यांतून ९१० वजा करून तेथें कांटा न्यावा. आवाज आला तर भूत सांपडलें. अशा यंत्रावर पन्नास केंद्रें लागतात असें कोणी सांगितलें, तर त्यांत खरीं किती व भुतें किती हें मोजून पाहावें.

चौथी कसोटी कांट्याच्या खरेपणाची व स्थिरपणाची. वेळ सांगणें हेंच ज्यांचें काम अशीं कांहीं केंद्रें आहेत. अमेरिकेचें डब्ल्यूडब्ल्यूव्ही व चीनचें बीपीएम हीं बरोबर ५,०००, १०,००० व १५,००० किलोहर्ट्झवर असतात, आणि सेकंदागणिक टिक-टिक करतात. यांतील एखादें ऐकूं आलें कीं आपल्या यंत्राचा आंकडा त्याशीं जुळतो काय तें पाहावें. मग यंत्र तसेंच तासभर चालू ठेवून पुन्हां पाहावें. कांट्यास हात न लावतां केंद्र सरकलें असेल, तर यंत्र तापल्यावर त्याचें चित्त स्थिर राहात नाहीं. हौशी बिनतारीवाल्यांचें बोलणें ऐकण्याची ज्यास आवड आहे त्यानें तर ही कसोटी अवश्य घ्यावी. त्या बोलण्यांत कांटा किंचित् चळला तरी माणसाचा आवाज बदकाचा होतो.

पांचवी कसोटी आम्ही शिक्षक असल्यामुळें आम्हांस विशेष प्रिय आहे. ती श्रुतलेखनाची. दूरचा आवाज भरती-ओहोटीप्रमाणें वर-खालीं होतो. ही ओहोटी सांवरून घेण्याची सोय यंत्रांत असते, पण सगळ्यांत सारखी नसते. कर्णाहि सारखे नसतात. कांहींचा घुमारा गाण्यास चांगला, पण बोलणें समजण्यास वाईट. यासाठीं दोन यंत्रें शेजारीं ठेवून एका मुलानें एकावर व दुसऱ्यानें दुसऱ्यावर, कानांत श्रवणिका घालून, दोन मिनिटें त्याच क्षीण केंद्रावरील बातम्या लिहून घ्याव्या. नंतर मुलांची अदलाबदल करावी, म्हणजे हुशारीचा फरक निघून जाईल. शेवटीं गळलेले शब्द मोजावे. ज्या यंत्रावर कमी शब्द गळले तें चांगलें. यास कोणतेंहि उपकरण लागत नाहीं, दुकानदाराचें भाषण लागत नाहीं, आणि निकाल वहींत लिहिलेला असतो.

सहावी कसोटी जागेची. कासारवाडी कांहीं खोडद नव्हे. येथून विजेच्या गाड्या जातात; ६ मार्च २०२२ पासून मेट्रोहि धांवूं लागली. सभोंवार कारखाने, वेल्डिंग, मोटारी. आणि याहून जवळचा गोंगाट आपल्याच घरांत असतो : एलईडीचे दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, दूरचित्रवाणीचे संच, इंटरनेटच्या पेट्या. यांतील पुष्कळशीं उपकरणें विजेचे दर सेकंदास हजारों तुकडे पाडून आपलें काम करतात, व ती तुकडेतोड लघुलहरींवर खरखर होऊन पसरते.

आमच्या परिचयाच्या एका पालकांनीं बोनसचा मोठा भाग खर्चून मुलीसाठीं एक देखणें यंत्र आणलें. दुकानांत उत्तम वाजलें. घरीं मात्र संध्याकाळ झाली कीं खरखर. यंत्र सदोष आहे असें ठरवून तें तोट्यांत विकण्याची तयारीहि झाली होती. आम्ही त्यांच्याकडे गेलों. आधीं यंत्र बॅटरीवर चालवून घराचा मुख्य खटका बंद केला. खोलींत अंधार झाला, आणि त्या अंधारांत खरखरीच्या जागीं एक दूरचा, पण स्वच्छ मानवी आवाज उभा राहिला. मुलगी तर टाळ्याच पिटूं लागली. मग आम्ही एकेक खटका लावीत गेलों. खिडकीजवळचा एक स्वस्त दिवा लागतांच आवाज बुडाला. उशाजवळच्या चार्जरनें त्यांत भर घातली. दोन वस्तु बदलल्या, यंत्र दाराजवळून मागच्या खिडकींत नेलें, व तें विकण्याची गोष्ट पुन्हां निघाली नाहीं. लोकल गेली म्हणजे अजून तेथें क्षणभर कडकड होते. तिला उपाय नाहीं. परंतु ती गाडीबरोबर निघून जाते.

यावरून नियम असा कीं, दुकानांत दुपारीं घेतलेली परीक्षा अर्धीच होय. यंत्र परत करण्याची मुदत आधीं ठरवून घ्यावी, तें घरीं आणावें, आणि निदान आठ रात्री आपल्या खोलींत ऐकून मगच तें आपलें म्हणावें.

एरिअलची तार व जिवाची काळजी

चांगल्या यंत्रास चांगली तार पाहिजे. दहा ते पंधरा मीटर लांबीची, वेष्टण असलेली तांब्याची तार घराबाहेर, दिव्यांपासून व विजेच्या तारांपासून शक्य तितकी दूर बांधली म्हणजे बहुधा पुरते. अधिक लांब तार नेहमींच अधिक चांगली असें नाहीं. जवळच्या बलवान केंद्राचा लोंढा आंत येऊन यंत्र गोंधळतें, व तेंच केंद्र दहा ठिकाणीं वाजूं लागतें. अशा वेळीं आवक कमी करण्याचें बटण यंत्रांत असल्यास तें वापरावें. ज्यांस गच्ची नाहीं त्यांनीं तारेचें वेटोळें करून बनविलेलें एरिअल वापरून पाहावें. तें फिरवितां येतें, आणि एका विशिष्ट बाजूस फिरविलें असतां गोंगाटाकडे पाठ करतें.

पालकांस व विद्यार्थ्यांस आमची कळकळीची सूचना आहे कीं, तार टाकण्याच्या हौसेंत जिवाशीं खेळूं नये. रेल्वेच्या माथ्यावरील तारांत २५,००० व्होल्टची वीज असते. तिला स्पर्श तर नकोच, पण जवळ जाणेंहि प्राणघातक आहे. रुळांच्या बाजूस, विजेच्या खांबावर किंवा खांबाजवळ तार कधींहि फेंकूं नये. वळवाच्या दिवसांत ढग गडगडूं लागण्यापूर्वींच तार यंत्रापासून सोडवून खिडकीबाहेर ठेवावी. जुन्या बाजारांतून कांचेच्या वाल्व्हचा रेडिओ आणल्यास तो मुलांनीं उघडूं नये. त्याच्या आंत शेंकडों व्होल्ट असतात, व खटका बंद केल्यावरहि कांहीं वेळ ते साठून राहतात. असा रेडिओ जाणत्या कारागिराकडून तपासून घेतल्याखेरीज चालू करूं नये.

टिपणवही

यंत्र घरांत स्थिरावल्यावर एक वही घालावी. तींत तारीख, वेळ, किलोहर्ट्झ, भाषा, काय ऐकलें, व आवाज कसा होता, इतके रकाने पुरेत. दूरदेशचीं केंद्रें बहुधा जागतिक वेळ सांगतात. तींत साडेपांच तास मिळविले कीं आपली घड्याळाची वेळ येते. आवाजाचें मोजमाप एक ते पांच अशा गुणांनीं करण्याची प्रथा आहे : जोर, शेजाऱ्याचा उपद्रव, खरखर, चढउतार, व एकंदर. पांच म्हणजे उत्तम, एक म्हणजे निकृष्ट. दोन यंत्रांची तुलना करावयाची असेल तर ती त्याच मिनिटास, त्याच केंद्रावर व त्याच तारेवर करावी. कालच्या आठवणीशीं आजचा आवाज ताडून पाहणें हा न्याय नव्हे, कारण मधल्या काळांत आकाश बदललेलें असतें.

अशी वही सहा महिने लिहिणाऱ्या मुलास भूगोलांतील रेखांश, गणितांतील भागाकार व पदार्थविज्ञानांतील लहरी या तीन गोष्टी एकमेकींच्या बहिणी आहेत हें आपोआप कळतें. काळजीपूर्वक लिहिलेला अहवाल केंद्राकडे पाठविला असतां कित्येक केंद्रें खात्रीचें चित्रपत्रहि पाठवितात. पण याहून मोठा लाभ असा कीं, त्या मुलाच्या कानास सवय लागते : मोठा आवाज तो खरा आवाज असें नाहीं, आणि एकाच गोष्टीची बातमी दोन देश दोन प्रकारें सांगतात. बारीक चाळणी यंत्रांत असावी तशी ती ऐकणाऱ्याच्या ठिकाणींहि असावी लागते.

तेव्हां पालकहो, उद्यां मुलानें रेडिओचा हट्ट धरला तर त्यास नाहीं म्हणूं नका, पण त्याचा हात धरून थेट दुकानांतहि जाऊं नका. आधीं एके रात्रीं घरांतील सर्व दिवे मालवून, शेजाऱ्याकडचा एखादा जुना लहानसा रेडिओ बॅटरीवर लावून, आपल्या घरांत शांतता किती आहे तें दोघांनीं मिळून ऐका. ज्या घरांत इतका धीर आहे तेथें साधें यंत्रहि दूरवर पोंचेल; तो नसेल तर सर्वांत महाग यंत्रहि फुलदाणीचें ओझेंच वाहील. मग खुशाल बाजारांत जा, आणि मडकें जसें वाजवून घेतां तसा रेडिओहि ऐकून घ्या.